मास्तरांनी पसंत केलेला वेल्डिंग सेट

मित्रांनो, थोडं लांबूनच ऐका. मी विजेवर चालणारा, पण जोडीला गॅसची टाकी लागणारा एक जुना वेल्डिंग सेट आहे, आणि मी कामात असताना माझ्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं. माझा निळा रंग ठिकठिकाणी उडालाय, एका चाकाचं रबर झिजलंय, आणि अर्थिंगच्या तारेचा चिमटा एकदा तुटून पुन्हा जोडलेला आहे. स्वभाव म्हणाल तर तापट. तो मात्र जन्मापासूनचा आहे. उगाच म्हातारपणावर कशाला ढकलू?

माझा जन्म कारखान्यातला. लांबलचक शेडमध्ये बायका ओळीने बसलेल्या असायच्या. एकीने माझ्या पोटात तांब्याची गुंडाळी बसवली, दुसरीने बटणं लावली, तिसरीने तार पुढे ढकलणारी दोन छोटी चाकं घट्ट केली. शेवटी एका बाईने मला चालू करून लोखंडाच्या तुकड्याला टेकवलं आणि पहिली ठिणगी पडली. "चला, बाळ रडलं," असं ती म्हणाली आणि माझ्यावर शिक्का मारला. ते वाक्य अजून माझ्या लक्षात आहे.

माझं काम कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. माझ्या पोटातल्या रिळावरून बारीक तार निघते आणि नळीतून हातात धरायच्या तोटीपर्यंत, म्हणजे टॉर्चपर्यंत, येते. ती पत्र्याला टेकली की ठिणगी पडते, तार वितळते, पत्राही वितळतो आणि दोन तुकडे एक होतात. पण वितळलेल्या लोखंडाला हवा बाधते. म्हणून त्याच टॉर्चच्या तोंडातून गॅस येतो आणि त्या गरम थेंबाभोवती उभा राहतो. तान्ह्या बाळाला वारा लागू नये म्हणून आई पदर धरते, तसाच. तो पदर उडाला की जोड भोकाभोकांचा होतो, जुन्या स्पंजासारखा. दिसायला जोड, पण हातोडीचा एक फटका बसला की तुकडे!

कारखान्यातून मी दुकानात आलो. तिथल्या फळीवर माझ्या डाव्या हाताला एक भला दांडगा सेट होता. त्याला आम्ही दादा म्हणायचो. तो पूल जोडायच्या गप्पा मारायचा. उजव्या हाताला बिनगॅसवाला. "मला टाकी नको, बिकी नको, सुटसुटीत आहे मी," हे त्याचं तुणतुणं दिवसभर चालू. गिऱ्हाईक आलं की एकच विचारायचं, "सगळ्यात ताकदीचा कुठला?" आणि दादा छाती फुगवायचा. माझ्याकडे कुणी ढुंकून बघत नसे. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू? आपल्यात काही कमी आहे का, असं रोज वाटायचं.

एके दिवशी एक किडकिडीत गृहस्थ दुकानात आले. गळ्यात मोजपट्टी. काढायची विसरले होते बहुतेक. ते शिंपी होते, आणि सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणायचा. त्यांनी खिशातून कापडाची छोटी घडी काढली आणि ती उलगडून गंजलेल्या पत्र्याचा एक तुकडा काउंटरवर ठेवला.

"याला जुळेल असं दाखवा," ते म्हणाले.

दुकानदार हसला. "मास्तर, हे काय दोरा जुळवायला आलात?"

"तसंच समजा. गाडीचा पत्रा आहे. घरीच जोडायचाय."

दुकानदाराने सवयीप्रमाणे दादाला पुढे केलं आणि त्याची ताकद सांगायला लागला. मास्तरांनी हात वर केला. "जास्तीत जास्त किती ते राहू द्या हो. कमीत कमी किती?"

असा प्रश्न त्या दुकानात मी पहिल्यांदाच ऐकला.  दुकानदार म्हणाला, "हे बरं विचारलंत. लोक विचारत नाहीत आणि मग पत्र्याला भोकं पाडून परत येतात." त्याने आम्हा तिघांना मागच्या पडवीत नेलं आणि पातळ पत्र्यावर एकेकाला चालवून दाखवलं. दादाने पहिल्याच फटक्यात रुपयाएवढं भोक पाडलं. बिनगॅसवाल्याने धूर केला, थुंकल्यासारखे थेंब उडवले आणि पत्रा करपवला. मग माझी पाळी आली. मला अगदी हळू लावलं होतं, बारीक तार घातली होती. मी दम धरून एकच टाका घातला. छोटासा, गोल, चकचकीत.

मास्तरांनी तो पत्रा उलटा करून बघितला. शिवण उलट्या बाजूने बघायची ही त्यांची जन्माची सवय. "मलमलीला दाभण चालत नाही," ते म्हणाले. "मला हाच पसंत आहे." मित्रांनो, माझी बाकीची सगळी कौतुकं एका बाजूला आणि ते वाक्य एका बाजूला.

निघताना दुकानदाराने बजावलं, "गॅसचा सेट आहे. वाऱ्यात काम करू नका. आणि नाहीच पटला, तर महिन्याच्या आत आणा, बदलून देईन." मास्तरांनी मान डोलावली. या दोन्ही वाक्यांनी पुढे माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

घरी पोचल्यावर कळलं, गाडी मास्तरांची नव्हतीच. त्यांना तर गाडी चालवताही येत नव्हती. गाडी होती त्यांच्या बायकोची. त्या नर्स होत्या, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. उभं आयुष्य सायीच्या रंगाच्या त्या छोट्याशा गाडीतून त्या घरोघरी फिरल्या होत्या. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाच्या बाळाला न्हाऊ घालायचं. निवृत्त झाल्या तरी लोक बोलवत, आणि त्या जात. आता गाडीचा तळ आणि दारांखालच्या पट्ट्या गंजून चाळण झाल्या होत्या. जुन्या गाड्यांच्या सरकारी तपासणीत गाडी नापास झाली. तिथल्या साहेबांनी एकच संधी दिली होती: महिनाअखेरीस पुन्हा आणा. तेव्हाही नापास झाली तर रस्त्यावर आणायची नाही, सरळ भंगारात. गॅरेजवाल्याने तर हातच टेकले. "सिस्टर, हिच्यात आता पत्रा कमी आणि आठवणीच जास्त आहेत," असं म्हणाला.

 सिस्टर रोज सकाळी काचा पुसायच्या निमित्ताने गाडीत जाऊन बसायच्या, स्टिअरिंगवर हात ठेवून. मास्तर शिलाई मशीनवरून खिडकीतून ते बघायचे. त्यापायी मी या घरात आलो.

मला बघून सिस्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो, हे काय आणलंत? पँटला ठिगळ लावणारे तुम्ही, गाडीला ठिगळ लावणार?"

"ठिगळ ते ठिगळ."

"मग आता बटणंही लावा, आणि काजंही करा!"

असं बोलल्या खऱ्या, पण लगेच आत जाऊन मास्तरांसाठी जाड सुती सदरा आणि जुने बूट काढून आणले. कातडी हातमोजे त्यांनी स्वतः उसवून मास्तरांच्या बोटांच्या मापाचे केले.

मास्तरांचं काम नेटकं. त्यांनी आधी खाकी कागदाचे नमुने बेतून कापले, ते गाडीच्या तळाला लावून बघितले, मग त्या मापाचा नवा पत्रा कापला. गंजलेला भाग खालचं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून काढला. सतरंज्या, गाद्या, जळण्यासारखं सगळं बाहेर काढलं. आणि वाऱ्यात काम करू नका म्हटलं होतं ना? मग त्यांनी शेडच्या दाराला आणि फटींना गोणपाटाचे जाड पडदे शिवून लावले. झुळूक आत येईल तर शपथ! फक्त वरचा झरोका सिस्टरांनी धूर जायला उघडा ठेवायला लावला.

इथेच घोळ झाला. दिवस उन्हाळ्याचे, शेड बंद, अंगावर जाड सदरा, डोक्यावर मुखवटा. मास्तर घामाने निथळायला लागले. सिस्टरांचा जीव वरखाली. त्यांनी बैठकीच्या खोलीतला उभा पंखा उचलून आणला, मास्तरांच्या बरोबर खांद्यामागे ठेवला आणि सगळ्यात मोठ्यावर सुरू केला. स्वतः वेल्डिंगचा काळा चष्मा लावून, स्टूल घेऊन बाजूला बसल्या. "आता करा निवांत," म्हणाल्या.

आता सांगा, मी काय करावं? मी गॅस सोडला की पंखा तो उडवून लावणार. माझा पदर सुटून भुर्रकन जाणार. मास्तरांनी टाका घातला, भोकंच भोकं. दुसरा घातला, तसाच. चरचर करण्याऐवजी मी फटफट करायला लागलो, ठिणग्या उडवायला लागलो. मास्तरांनी माझी बटणं फिरवली, तार बदलली, टाकी हलवून बघितली. मी ओरडून सांगत होतो, "अहो, मागे बघा, मागे!" पण माझी भाषा म्हणजे फटफट. ती ऐकून ते आणखीनच वैतागले.

असे कितीतरी दिवस गेले. जोडायचं, हातोडी मारायची, तुटलं की घासून काढायचं. घासून घासून चांगला पत्राही पातळ व्हायला लागला. महिनाअखेर जवळ आली. मास्तरांनी दुकानदाराला फोन केला. "सेट बदलून द्या. हा बिघडलेला दिसतोय." मित्रांनो, नाचता येईना अंगण वाकडं, असं मला तेव्हा जोरात म्हणावंसं वाटलं. पण खरं सांगू? राग नंतरचा, आधी भीती वाटली. ज्याने मला पसंत केलं तोच मला परत देणार होता. माझा खोका त्यांनी माळ्यावरून काढून दारात ठेवलाही.

सिस्टर म्हणाल्या, "राहू दे ती गाडी. मी बसने जाईन. त्यात काय एवढं?"

त्यांना ते सोपं करून सांगायचं होतं, पण गाडीची किल्ली काही हातातून सुटत नव्हती. मास्तरांना ते बघवलं नाही आणि ते भलत्यावरच घसरले. "तू इथे बसू नकोस बघू! तू बघत असलीस की माझा हात चुकतो."

"असं? मग बसा एकटेच घामाच्या धारांत!" सिस्टर उठल्या, फणकाऱ्याने पंख्याची वायर काढली आणि पंखा काखोटीला मारून तरातरा निघून गेल्या.

 मास्तरांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हट्टाने मुखवटा खाली ओढून एक टाका घातला. चर्रर्र! तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा एकसारखा आवाज. मास्तरांनी मुखवटा वर केला. टाका गोल, चकचकीत. हातोडी मारली. हलला नाही. आणखी एक घातला. तोही तसाच.

आता खरी पंचाईत! मास्तरांनी टॉर्च खाली ठेवली. "ती गेली आणि जमलं," असं पुटपुटले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. जिच्यासाठी हा खटाटोप, तिच्याच नजरेने काम बिघडतंय, असं वाटलं तर कुणाला आनंद होईल? संध्याकाळी सिस्टर राग विसरून चहा घेऊन आल्या, बरोबर पंखाही आणला.  तिच्यासमोर एकही टाका घालायचा नाही, असं मास्तरांनी ठरवलं. ती असली की घासत बसायचं, कागद कापत बसायचं. मग म्हणायचं, "अगं, जरा दोरा आणतेस?" "अगं, दुधवाला आला वाटतं." सिस्टर पंखा बंद करून गेल्या, की झटपट चार टाके. सिस्टर परत आल्या की तोंड वाकडं करून पुन्हा घासणं. बायकोला 'बाहेर जा' म्हणण्यापेक्षा या माणसाने चोरून वेल्डिंग केलं! असा नवरा मी दुसरा पाहिला नाही.

एका सकाळी मास्तरांना एक जोड घासायचा होता. शेडमध्ये प्लग मोजकेच. त्यांनी पंख्याची वायर काढून ग्राइंडरची लावली. काम झालं, आणि नादात, सिस्टर बाजूलाच बसल्या आहेत हे विसरून, त्यांनी मुखवटा ओढला आणि टाका घातला. चर्रर्र!

मुखवटा वर केला तेव्हा सिस्टर आपला काळा चष्मा काढून त्यांच्याकडे बघत होत्या.

"अहो, मी इथेच आहे," त्या म्हणाल्या.

मास्तरांचा चेहरा पडला.

"आणि टाका चांगला पडलाय. म्हणजे माझी नजर वाईट नाही म्हणायची."

"अगं, मी कधी म्हटलं..."

"तुम्ही नाही म्हटलंत. पण घरात दोऱ्याची डझनभर रिळं असताना तुम्ही मला रोज दोऱ्याला पाठवता, हे मला कळत नाही होय? मी पण गुपचूप जात होते. म्हटलं, माझ्यामुळे अडत असेल तर नको बसायला." आणि एवढ्या कणखर बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तान्ही बाळं सांभाळलेल्या त्या हातांनी त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग मात्र त्यांच्यातली नर्स जागी झाली. ताप का उतरला हे शोधल्याशिवाय नर्सला चैन पडत नाही. "थांबा. आज वेगळं काय आहे? तुम्ही तेच, मी तीच, मशीन तेच." त्यांनी चहूकडे बघितलं. पंखा गप्प उभा होता. वायर खाली लोंबत होती.

"लावा बघू पुन्हा," म्हणत त्यांनी पंखा सुरू केला. मास्तरांनी टाका घातला. फटफट, भोकंच भोकं. पंखा बंद केला. चर्रर्र, चकचकीत.

"अगं बाई! वाऱ्यात करू नका म्हणून तुम्ही सगळे पडदे शिवलेत, आणि वारा मीच आणून ठेवला की हो तुमच्या पाठीमागे!"

मास्तर हसायला लागले. सिस्टर हसायला लागल्या. हसता हसता मास्तर खाली जमिनीवर बसले आणि सिस्टरांनी त्यांच्या डोक्यावर पदराने वारा घालायला सुरुवात केली, मग एकदम थांबल्या आणि पुन्हा दोघं हसत सुटले. माझा खोका त्याच दुपारी माळ्यावर गेला.

पुढचं काम भराभर झालं. एक टाका इथे, एक तिकडे, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा, मग मधल्या जागा भरायच्या. कच्चे टाके आधी, पक्की शिवण नंतर, हे मास्तरांना कुणी शिकवावं लागलं नाही. तपासणीच्या दिवशी मी घरीच होतो, पण सिस्टरांनी ती हकिगत इतक्यांदा सांगितली आहे, की मी तिथे होतो असंच वाटतं. साहेब गाडीखाली वाकले, छोट्या हातोडीने प्रत्येक पट्टी ठोकून बघितली. मास्तरांनी श्वास रोखून धरला होता. साहेब उठून म्हणाले, "काम छान आहे. कुठल्या गॅरेजचे मिस्त्री?"

"गॅरेजचे नाहीत, शिंपी आहेत," सिस्टर म्हणाल्या. "आमचेच आहेत."

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझी सुखाची. गाडी पुन्हा धावू लागली. सिस्टर चालवायच्या, मास्तर शेजारी बसायचे. शेजाऱ्यांची फाटकं आली, खुर्च्या आल्या, मुलांच्या सायकली आल्या. कामाच्या वेळी सिस्टर स्टूलावर बसायच्या आणि आवाजावरून सांगायच्या, "तार जरा जोरात येतेय हो." मास्तरांनी उरलेल्या पँटच्या कापडाचा मला अभ्रा शिवला. त्याला टॉर्च ठेवायला खिसा होता.

मग मास्तर आजारी पडले, आणि एका हिवाळ्यात गेले. त्याबद्दल मी जास्त बोलणार नाही.

सिस्टरांनी माझ्यावर अभ्रा घातला तो घातलाच. दर आठवड्याला येऊन त्या अभ्रा झटकायच्या, त्याची घडी नीट करायच्या, खिशावरून हात फिरवायच्या. मला उघडायच्या मात्र नाहीत. बाहेरून मी नवा दिसत होतो. आत तारेला गंज चढला, तार ढकलणारी चाकं जाम झाली, नळीत कोळ्याने घर केलं. गाडीही उभीच. तिच्या मागच्या चाकावरचा पत्रा फुगायला लागला. पुन्हा तपासणी जवळ आली. परगावी राहणारी लेक आली तेव्हा म्हणाली, "आई, गाडी देऊन टाकू. हे मशीनही कुणाला तरी देऊ. तू एकटी काय करणार याचं?" लेकीचंही चुकलं नव्हतं. सिस्टर फक्त "बघते" म्हणाल्या.

लेक गेल्यावर दुसऱ्याच सकाळी त्या शेडमध्ये आल्या. अभ्रा काढला, घडी करून बाजूला ठेवला. माझं पोट उघडून बघितलं आणि "अरे देवा, काय करून घेतलंय मी तुझं!" असं म्हणाल्या. गंजलेली तार त्यांनी हात हात ओढून काढली. चाकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, जखम पुसतात तशी. नवं रीळ आणलं, नवी टाकी आणली. मास्तरांचा मुखवटा त्यांना मोठा व्हायचा, म्हणून पट्टा आवळला. किती वर्षं बघितलं होतं त्यांनी हे काम! पण बघणं वेगळं आणि करणं वेगळं. पहिल्याच टाक्याला भोक पडलं. दुसऱ्यालाही. मी जमेल तेवढा हळू झालो, खरंच सांगतो, पण हात नवखा होता. त्यांनी रागाने टॉर्च ठेवली नाही. भोक भरलं, घासलं, पुन्हा केलं. दुपार कलली तेव्हा चाकावरच्या पत्र्याला एक ठिगळ बसलं होतं. तिरकं, कडेला उंचसखल, मास्तरांनी बघितलं असतं तर उसवायला लावलं असतं असं.

सिस्टरांनी हातोडी घेतली आणि त्याच्यावर मारली. एकदा, मग आणखी जोरात. ठिगळ हललं नाही. मुखवटा त्यांनी लगेच वर केला नाही. आतून हुंदका आला. मग त्या मोकळ्या शेडमध्ये मोठ्याने म्हणाल्या, "अहो, वाकडं झालंय हो. पण धरलंय!"

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी मागे ठेवून गेलेलं काहीतरी असेल. शिलाई मशीन असेल, सायकल असेल, बाजाची पेटी असेल. त्यावर माया आहे म्हणून ते झाकून ठेवू नका. झाकलेलं आतून गंजतं, हे मी भोगलंय. त्याला तेल द्या, पुसा, आणि हातात घ्या. ज्याचं होतं त्याच्यासारखं तुम्हाला जमणार नाही. वाकडं होईल. होऊ द्या. धरलं म्हणजे झालं.